कॅमेऱ्याचं पितळ दिसू द्या, काचेला बुरशी लागू देऊ नका

जुना फिल्म कॅमेरा हातात आला की लोक दोन गोष्टी विचारतात. कडेचा काळा रंग उडून पिवळं दिसतंय, हे वाईट का? आणि याला केस, म्हणजे चामडी खोळ, घालू का? मी कळव्याला खारेगावात राहते. खाडी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि नोकरीसाठी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला जाते. माझे कॅमेरे याच हवेत राहतात आणि याच गर्दीतून फिरतात. त्यामुळे माझं उत्तर इथल्या हवेला धरून आहे: रंग झिजला तर झिजू द्या, केस बाहेर नेण्यापुरती वापरा, आणि घरी आल्यावर कॅमेरा केसमधून बाहेर काढा. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

झीज कशाची आहे ते बघा

आधी धातू ओळखायचा. जुन्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांचं वरचं आणि खालचं कव्हर पितळेच्या पत्र्याचं असायचं. त्यावर एक तर क्रोमचा मुलामा, नाही तर काळा रंग. क्रोम कडक असतं, ते सहसा झिजत नाही. फार तर घामाने त्यावर बारीक खड्डे पडतात. काळा रंग मात्र कोपऱ्यांवरून, फिल्म पुढे सरकवायच्या लिव्हरच्या आसपास आणि पट्टा जिथे घासतो तिथे आधी जातो आणि खालचं पितळ दिसू लागतं. १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक किंवा १९८२ चा निकॉन एफएम-२ काळ्या रंगात असेल आणि भरपूर वापरलेला असेल, तर त्याच्या कडा पिवळ्या झालेल्या असणारच. देवळातल्या घंटेची मूठ जशी हात लागून लागून गुळगुळीत होते, तसंच हे. कॅमेरा कोणी तरी खरोखर वापरला, एवढाच त्याचा अर्थ. शटर नियमित चाललेलं असण्याची शक्यता अशा कॅमेऱ्यात जास्त, म्हणून मला तर तो माळ्यावरच्या चकचकीत कॅमेऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

लायकाने २०१५ साली संगीतकार लेनी क्रॅव्हिट्झ यांच्याबरोबर एक डिजिटल कॅमेरा काढला होता, फक्त १२५ संच. त्याचा काळा रंग कारखान्यातच हाताने घासून पितळ बाहेर काढलेलं होतं. मला तो प्रकार पटला नाही. झीज विकत घेण्याची गोष्ट नव्हे. पण लोकांना तिचं किती आकर्षण आहे, हे त्यावरून कळतं.

प्रत्येक कॅमेऱ्याखाली पितळच असतं असं मात्र नाही. कॅनन एई-१, जो १९७६ साली आला आणि आजही सगळ्यात जास्त हातात दिसतो, त्याचं वरचं कव्हर प्लास्टिकचं आहे आणि त्यावर धातूचा मुलामा आहे. पेंटॅक्स के-१००० सुद्धा १९७६ चाच. तो १९९७ पर्यंत बनत राहिला. त्याच्या सुरुवातीच्या प्रतींची कव्हरं धातूची आहेत, चीनमध्ये जोडलेल्या शेवटच्या प्रतींची प्लास्टिकची. प्लास्टिक आपटलं तर त्याला पोचा पडत नाही, तडा जातो. म्हणून अशा कॅमेऱ्यात ओरखडे मोजत बसू नका, कोपऱ्यांवर आणि स्क्रूंच्या भोवती केसासारखी बारीक चीर आहे का ते बघा. १९८४ च्या लायका एम-६ चं वरचं कव्हर जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. त्यात कधी कधी मुलाम्याखाली बारीक फोड येतात. ते हात लागून येत नाहीत, धातू आतून गंजल्याने येतात. केस घातल्याने ते थांबत नाहीत आणि घासून जात नाहीत.

कोणती खूण गंभीर समजायची

रंग उडणं ही वयाची खूण आहे. पोचा ही अपघाताची खूण आहे. एसएलआरच्या (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) डोक्यावरच्या त्रिकोणी भागाला पोचा असेल, तर आत काचेचा प्रिझम आहे हे लक्षात ठेवा. व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. चीर किंवा काळी रेघ दिसली तर तो कॅमेरा स्वस्तातसुद्धा घेऊ नका. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेल्या आणि दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला पोचा असेल, तर लेन्स अनंतावर (∞ खुणेवर) लावा आणि खाडीपलीकडच्या एखाद्या लांबच्या टॉवरकडे बघा. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसल्या पाहिजेत. उपवन तलावाच्या काठावर उभं राहून येऊरच्या डोंगरावरच्या एखाद्या ठळक झाडावरही हे जमतं, फक्त हवा स्वच्छ हवी.

लेन्सच्या पुढच्या कड्याला पोचा असेल, तर फिल्टर बसत नाही. तो काम जाणणाऱ्याकडून सरळ करून घेता येतो. घरी पक्कड लावू नका.

स्क्रूंची तोंडं बघा. खाचा कुरतडल्यासारख्या असतील, तर कोणी तरी चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आत हात घातलेला आहे. मला ही खूण उडालेल्या रंगापेक्षा शंभरपट वाईट वाटते. बॅटरीचं झाकण उघडा. आत हिरवा-निळा किंवा पांढरा थर असेल तर बॅटरी गळलेली आहे. अल्कलाइन बॅटरीचा थर असेल तर कापूस गुंडाळलेल्या काडीला थेंबभर साधं व्हिनेगर लावून तो निघतो. मग कोरडं पुसायचं, आणि तरीही प्रकाश मोजणारा मीटर चालेलच याची खात्री धरायची नाही.

जुन्या झाइस इकॉन कॅमेऱ्यांवर, विशेषतः काँटॅक्सवर, चामड्याखाली पुटकुळ्या आलेल्या दिसतात. चामड्याखालच्या पितळी रिव्हेट्सवर हिरवा थर चढतो आणि तो वरचं चामडं उचलतो. चामडं आणि पितळ एकमेकांना चिकटून ओलसर राहिले की हेच होणार. पुढे केसबद्दल जे सांगणार आहे, त्याचं बीज इथेच आहे.

पट्टा अडकवायच्या कड्या मात्र कोणी बघत नाही. पोलादी रिंग वर्षानुवर्षं घासत राहिली की कॅमेऱ्याचा कान, म्हणजे रिंग जिथे अडकते तो भाग, अर्धा कापला जातो. हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही, कॅमेरा एक दिवस खाली पडू शकतो. रिंग बाजूला सरकवून कान किती उरलाय ते बघा, आणि रिंगच्या मागे चामड्याचा किंवा प्लास्टिकचा छोटा गोल तुकडा लावा. त्याने रिंग बॉडीवर घासणंही थांबतं. केसवर हजारभर रुपये खर्च करण्याआधी हा तुकडा लावा.

जुनी चामडी केस

कॅमेऱ्याबरोबर आलेली ती तपकिरी, दोन भागांची केस सगळ्यांना माहीत आहे. वरच्या भागाला लेन्ससाठी नाकासारखा पुढे आलेला भाग, आत मखमल, खाली कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या भोकात बसणारा मोठा स्क्रू. माझ्या मामाच्या याशिका इलेक्ट्रो ३५ ची अशीच आहे. सुंदर काम आहे, मी ती कधीच टाकणार नाही. पण तिच्यावर भरवसा ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासते.

शिवण आधी. अशा कित्येक केसमध्ये पट्टा कॅमेऱ्याला नसतो, केसला असतो. म्हणजे कॅमेऱ्याचा सगळा भार पन्नास वर्षांपूर्वीच्या दोऱ्यावर आणि दोन पितळी रिव्हेट्सवर. कॅमेरा बाहेर काढून रिकामी केस पट्ट्याने धरा आणि खालून जोरात ओढा. टाका कुरकुरला किंवा चामड्याला चीर गेली, तर मोच्याकडून पट्टा आणि शिवण पुन्हा करून घ्या. कॅमेऱ्याला स्वतःच्या कड्या असतील, तर पट्टा सरळ कॅमेऱ्यालाच लावा आणि केसला कोणताही भार देऊ नका.

मग आतलं अस्तर. मखमल झडत असेल, तर तिचा भुसा लेन्सवर आणि मागचं दार उघडल्यावर आतही जातो. काही केसमध्ये फोम असतो. तो वयाने चिकट, डांबरासारखा होतो आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लागतो. असा फोम खरवडून काढून टाका. कॅमेऱ्याच्या दाराच्या खाचेतला फोमही तेवढाच जुना असतो. तो गळला तर फिल्मवर प्रकाश शिरतो. खाचेत काळी लोकर बसवली तरी काम होतं. एसएलआरच्या आरशावरच्या फोमच्या पट्टीला मात्र हात लावण्याआधी नीट विचार करा, कारण तिथला चिकट कण फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य उमटतं त्या पडद्यावर) पडला तर तो पुसताना स्क्रीनच खराब होतो.

शेवटी वास. नाकाजवळ धरा. कोंदट, बुरसट वास आला तर ती केस कॅमेऱ्याच्या शेजारीसुद्धा ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि बुरशीला चामडंही खायला चालतं आणि लेन्सवरची बोटांच्या ठशांची चरबीही.

ही केस वापरताना आणखी एक अडचण येते. फिल्म बदलताना ती पूर्ण काढावी लागते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नौपाड्यात गर्दीच्या मधोमध उभं राहून एका हातात केसचे दोन भाग, एका हातात कॅमेरा आणि दातात फिल्मची डबी, हे करून बघा म्हणजे कळेल. शिवाय तळाचा स्क्रू फार आवळू नका. त्या भोकाचे आटे गेले तर ट्रायपॉडही बसत नाही.

मग कोणती केस?

मला विचाराल तर अर्धी केस बरी. खालचा तळ आणि हाताची पकड एवढंच झाकणारी, वरून उघडी. कॅमेरा टेबलावर, कठड्यावर, ट्रेनच्या सीटवर टेकवला जातो तेव्हा तळालाच सगळ्यात जास्त ओरखडे येतात, आणि ते ही केस सोसते. घेताना एवढं बघा की तळाला रिवाइंडच्या, म्हणजे फिल्म परत गुंडाळायच्या बटणासाठी भोक आहे का. के-१००० सारख्या बहुतेक एसएलआरमध्ये ते बटण खालीच असतं, आणि भोक नसेल तर प्रत्येक रोलला स्क्रू काढावा लागेल. लायका एम कॅमेऱ्यात फिल्म खालूनच भरतात, त्यामुळे तिथे केस काढावीच लागते.

लोकलमध्ये मी कोणतीही केस घालत नाही, कॅमेरा जाड सुती कापडात गुंडाळून पिशवीत ठेवते. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा मलमलचा पंचा यासाठी उत्तम. पॅडची पिशवी असेल तर तीच वापरा, पण तिचा कप्पा फक्त कॅमेऱ्याचा ठेवा. किल्ल्या, सुटे पैसे, दुसरी लेन्स असं काहीही त्या कप्प्यात नको. कॅमेऱ्याला सर्वात जास्त ओरखडे पिशवीतल्या त्याच्या सोबत्यांमुळे येतात. पिशवी पोटावर घ्या. ठाणे स्टेशनच्या पुलावर पाठीवरची पिशवी कोणाच्या कोपराला लागेल, सांगता येत नाही.

आणि आपल्या अंगावरचं सामान. माझ्या के-१००० च्या पाठीवर ज्या रेघा आहेत, त्या सगळ्या बांगड्यांच्या आणि ओढणीच्या पिनेच्या आहेत. उजव्या हातातली अंगठी लिव्हरच्या आसपासचा रंग घालवते. कॅमेरा गळ्यात लटकत असेल तर बेल्टचं बक्कल आणि जीन्सचं बटण त्याच्या पाठीला लागतं. पट्टा थोडा आखूड करा, म्हणजे तो पोटाच्या वर राहील. त्या रेघांचा मला त्रास होत नाही, पण तुम्हाला होत असेल तर केस घेण्याआधी अंगठी काढून बघा.

कापडी पडद्याच्या शटरचे रेंजफाइंडर, म्हणजे जुने लायका, झोर्की, फेड वापरणाऱ्यांनी मात्र झाकण लावायची सवय ठेवाच. त्यांच्यात लेन्स आणि पडद्यामध्ये आरसा नसतो. लेन्स उन्हाकडे तोंड करून राहिली तर ऊन एका बिंदूवर एकवटून पडद्याला भोक पडतं. पाम बीच रोडला फ्लेमिंगो बघायला गेल्यावर कॅमेरा कठड्यावर उताणा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. याशिका इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आत धातूच्या पात्यांचं असतं, तिथे ही भीती नाही.

घरी आल्यावर

आता मुख्य गोष्ट. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतला दमटपणा सतत वर असतो, आणि साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर बुरशी जोमाने वाढते. बंद चामडी केस, तिच्यात दिवसभराच्या घामाची ओल, ती केस लोखंडी कपाटात: बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. तिचे पांढरे तंतू लेन्सच्या आत जाळ्यासारखे पसरतात. लवकर पकडली तर लेन्स उघडून साफ होते; उशीर झाला तर काचेवरचा मुलामाच कोरला जातो आणि तो डाग कायमचा. बाहेरून नव्यासारखा, केसमध्ये जपलेला, आणि लेन्स धुरकट झालेला कॅमेरा बघणं मला फार जड जातं. आमच्या इमारतीतला एक मुलगा आजोबांचा असाच कॅमेरा घेऊन आला होता. केस उघडताना म्हणाला, “मावशी, बघा ना, एक ओरखडा नाही.” लेन्समधून दिव्याकडे बघितल्यावर तोच गप्प झाला.

म्हणून घरी आलात की कॅमेरा केसमधून काढा, कोरड्या मऊ कापडाने पुसा, पंख्याखाली थोडा वेळ ठेवा. मग घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असावा. ३० च्या खाली नेऊ नका, चामडं आणि आतलं वंगण दोन्ही सुकतात. जेलचे दाणे रंग बदलतात, ते साधारण १२० अंशांवर तापवले की पुन्हा कोरडे होतात. निळे-गुलाबी दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असतं. केशरी घ्या, आणि तापवायचं भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. बरेच कॅमेरे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेतलेलं परवडतं. मी डब्यांवरच भागवते.

डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. त्यांची वाफ काचेवर जाऊन बसते. झटपट चिकटणारा गोंद कॅमेऱ्याजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर धरतो. सुटलेलं लेदरेट (बॉडीवरचं नकली चामडं) चिकटवायला चपलांचा रबरी गोंद अगदी पातळ लावा आणि लेन्स दुसऱ्या खोलीत ठेवा. चामड्याला खोबरेल तेल नको. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी पितळ चमकवायचा मोह आवरा, कारण ते पाणी कव्हरच्या फटीतून आत जातं आणि उरलेला रंगही सोलवटतो. उडालेल्या रंगावर काळं मार्करही फिरवू नका. विकायला काढलात तर घेणाऱ्याला वाटेल, काही तरी लपवलंय.

पावसाळ्यात एसी ऑफिसमधून बाहेर आलात आणि कॅमेरा लगेच उघडलात, तर काचेवर वाफ धरते, आतही. पिशवी बंदच ठेवून कॅमेरा बाहेरच्या उष्णतेला येऊ द्या, मग काढा. आणि पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक कॅमेऱ्याचं शटर सगळ्या वेगांवर चालवा. डब्यात ठेवताना ते लिव्हर ओढून ताणलेलं ठेवू नका.

राहिली ती रिकामी केस. ती सावलीत वाऱ्यावर सुकवा, उन्हात नको, चामडं तडकतं. मग आत जुना कागद चुरगळून भरा म्हणजे आकार टिकेल, सुती पिशवीत घाला आणि कॅमेऱ्यापासून दूर, घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. ऑगस्टमध्ये एकदा काढून पितळी बटणांवर हिरवा थर आलाय का ते बघा, आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. कॅमेरा कधी संग्रह करणाऱ्याला विकायचा झाला, तर त्यालाही मूळ केस हवी असते. पण तिच्यासकट देताना कॅमेरा तिच्या आत घालून देऊ नका, दोन वेगळ्या पिशव्या करा आणि कारणही सांगा.